सहावा बिघाड

एसटीत मला झोप येत नाही. बायको म्हणते, तुम्ही प्रवासाला निघत नाही, गाडी तपासायला निघता. खरं आहे तिचं. गाडी हलली की माझे कान मागच्या आसापासून पुढच्या चाकापर्यंत फिरून येतात. कुठे बेअरिंग ओरडतंय, कुठे कमानपाट्याचा बोल्ट ढिला झालाय, ड्रायव्हर उगाच क्लचवर पाय ठेवून बसलाय, हे ऐकत ऐकत मी नागपूरला पोचतो आणि उतरल्यावर माझंच अंग दुखतं. एकदा मूल गावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून पुढच्या चाकामागे वाकून पाहत होतो. आत बायको शेजारच्या बाईला सांगत होती, "यांचं असंच आहे जी. तुमी बसा निवांत."

ही खोड मला जन्मापासून नव्हती. ती कुठून लागली, हे मी आजवर घरात नीट सांगितलेलं नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी मागितलं, म्हणून बसलोय लिहायला. बसलोय म्हणजे काय, चार ओळी लिहायच्या आणि अंगणात चक्कर मारायची असं चाललंय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली ही त्याच जिल्ह्यातली एक तहसील. राज्यही बदलत होतं. आमच्या ऑफिसातल्या कागदांवर मध्यप्रदेश खोडून वर शाईने मुंबई लिहिलेलं असायचं. शहराभोवतीच्या परकोटाच्या आत सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनाच्या शेडमध्ये सरकारने मोटार मेकॅनिकचा वर्ग उघडला. सरकारी नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला मोटारीचं कालेज म्हणायचे. नागपूरला शिकून आलेला मी तिथला एकमेव मास्तर. वय सव्वीस, नोकरी कच्ची, डोक्यात हवा पक्की.

त्या काळी जिल्ह्यात ट्रक म्हणजे बहुतेक लढाईनंतर लिलावात निघालेले लष्करी ट्रक. सागाचे ओंडके आणि बांबू वाहून वाहून त्यांची हाडं खिळखिळी झालेली. सुटे भाग मिळायचे नाहीत. ते दुरुस्त करणारी माणसं उस्तादाच्या शिव्या खात शिकलेली. हात तयार, पण आपण काय करतोय ते का करतोय, हे सांगता येत नसे. रेडिएटर गळला की हळद टाकायची, पेट्रोलची टाकी गळली की अंगाचा साबण चोपडायचा. उपाय चालायचा, म्हणून कोणी पुढे विचारायचं नाही. सिरोंच्याचे एक तेलुगू सावकार आपली जीप घेऊन आले होते, चढावर बंद पडते म्हणून. त्यांनी तीन गॅरेजांतून इंजिन उघडून घेतलेलं. मी पाहिलं तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं. काडीने भोक मोकळं केलं. सावकारांना राग आला. एवढ्या लांबून येऊन काडी? निदान एखादा नट तरी बदला म्हणाले. मी एक चांगला नट काढून तोच परत लावला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मी पोरांना सांगायचो, इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. यातलं काय कमी पडलं ते शोधा. दुरुस्ती कोणीही करेल, बिघाड सापडला पाहिजे. म्हणून दर शनिवारी मी मुद्दाम बिघाड करून ठेवायचो. ठिणगीच्या वाटेत कागदाचा कपटा सरकवायचा, दोन प्लगच्या तारा अदलाबदल करायच्या, टाकीच्या भोकात आगकाडी खुपसायची. बिघाड केलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं, हा माझा नियम. फडकं असेपर्यंत गाडी हलवायची नाही.

सुरुवातीला सोळा जण होते. कोणी खाणीत गेला, कोणाला घरच्यांनी धानाच्या कापणीला नेलं तो परत आला नाही. अठरा महिन्यांनी सहा उरले. त्यांतला चैतू मडावी हा वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या एका गोंड पाड्याचा. बाप बैलबंडीची चाकं करणारा. चैतू चौथी शिकलेला, लिहायला बसला की घाम फुटायचा. पण इंजिनावर लाकडी दांडा टेकवून दुसरं टोक कानाला लावलं की कुठल्या सिलिंडरमध्ये खटखट आहे ते सांगायचा. एकदा गॅस्केटचा कागद चिकटवायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं, तर यानं घरून धावड्याचा डिंक आणला. मी हसलो. तो म्हणाला, "पाण्यानं सुटते जी, तेलानं नाई सुटत. जिथी तेल आहे तिथीच लावतो." आणि तो डिंक खरंच टिकला. एक सवय मात्र मला खटकायची. त्याला काही चुकीचं दिसलं तर तो बोलत नसे, गुपचूप नीट करून ठेवायचा. माझ्या हातून ढिला राहिलेला बोल्ट त्याने आवळला आणि मला कळूही दिलं नाही, असं दोन-तीनदा झालं होतं.

जंगल खात्याच्या वर्कशॉपात मेकॅनिकची एक जागा निघाली होती. सर्टिफिकेटवाला माणूस हवा होता. चैतूचं नाव मी तिथे तोंडी देऊन ठेवलं होतं. पाड्यातल्या कोणाला सरकारी पगार मिळण्याची ती पहिलीच वेळ असती. मधे फक्त परीक्षा होती.

दिवाळीनंतर नागपूरहून परीक्षक आले. करड्या कोटातले, कमी बोलणारे गृहस्थ. शेवटचा पेपर बिघाड शोधण्याचा. त्यासाठी एका लाकडाच्या ठेकेदाराने आपला ट्रक चार वाजेपर्यंत दिला होता. सहा जण, सहा बिघाड, प्रत्येकाला अर्धा तास. एकाचं झालं की मी तो बिघाड काढायचा आणि पुढच्यासाठी दुसरा करायचा. यादी परीक्षकांच्या हातात.

पाच जणांना मी इंजिनातले नेहमीचे बिघाड दिले. सहावा चैतू. इथे मला हुशारी सुचली. याला कागदाचा कपटा दिला तर हा दोन मिनिटांत शोधेल आणि परीक्षकांना वाटेल, सोपं होतं. माझ्या विद्यार्थ्याचे हात काय आहेत ते नागपूरला कळलं पाहिजे. म्हणजे खरं तर, माझी शिकवणी काय आहे ते कळलं पाहिजे.

ट्रकची पुढची दोन्ही चाकं एकदम वळावीत म्हणून त्यांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, टाय रॉड. त्याच्या टोकाला नट असतो. तो धक्क्यांनी फिरून सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालून तिची टोकं वाकवतात. स्प्लिट पिन. बोटाच्या पेराएवढी वस्तू. मी ती काढली, नट दोन आटे ढिला केला आणि पिन शर्टाच्या खिशात टाकली. असा बिघाड आवाज करत नाही. गाडी सुरू होते, चालते, वळते. मग कुठेतरी खड्ड्यांच्या रस्त्यावर नट गळून पडतो, दांडा सुटतो आणि पुढचं एक चाक ड्रायव्हरचं ऐकत नाही.

लाल फडकं बांधून मी परीक्षकांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. चैतूनं इंजिन सुरू केलं, बंद केलं, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला. मग ट्रकखाली गेला आणि बराच वेळ आला नाही. मला वाटलं, आता सापडलं. परीक्षक घड्याळ पाहत होते. मी जागच्या जागी पाय बदलत होतो. बाहेर आल्यावर तो पुन्हा बॉनेटकडे गेला, पुन्हा प्लग काढून पाहू लागला. वेळ संपली.

"काय सापडलं?" परीक्षकांनी विचारलं.

"इंजन चालू आहे जी. लाइट लागते, हार्न वाजते. मले बिघाड नाई सापडला."

परीक्षकांनी यादीकडे पाहिलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शून्य लिहिलं. त्या पेपरात नापास म्हणजे सगळ्यातच नापास. माझ्या कानशिलात रक्त चढलं. चैतू जवळ आला. "मास्तर जी, एक..." म्हणाला आणि परीक्षकांकडे बघून थांबला.

"जा आता," मी म्हणालो.

"पन मास्तर जी..."

"जा म्हटलं ना!"

तो गेला. अठरा महिन्यांत मी त्याच्यावर ओरडलो नव्हतो. परीक्षकांना घरी जेवायला न्यायचं होतं. मी हात धुतले आणि त्यांच्याबरोबर निघालो. ट्रक चार वाजेपर्यंत आपलाच आहे, आल्यावर पिन लावू, असा हिशेब. स्टिअरिंगला लाल फडकं होतंच.

जेवण झाल्यावर त्यांना रेस्ट हाऊसवर पोचवून मी दीडच्या सुमाराला शेडवर आलो तर ट्रक नाही. वासुदेव नावाचा विद्यार्थी हत्यारं पुसत बसला होता.

"ट्रक कुठे आहे?"

"करीमभाई घेऊन गेले जी. परीक्षा झाली ना म्हने, मंग मी काऊन थांबू? दिवस बुडाच्या आधी नदीवरचा डोंगा बंद होते म्हने. बाजारातून मानसं भरून गडचिरोलीकडे निघाले. तासभर झाला."

"अरे, लाल फडकं बांधलेलं होतं!"

"त्या फडक्यानं त्यायनं काच पुसली जी. खांद्यावर टाकून गेले."

माझा हात खिशाकडे गेला. पिन तिथेच होती.

करीमभाई ठेकेदाराचा जुना ड्रायव्हर, गाडीच्या बाबतीत सावध माणूस. पण ज्या गाडीच्या परीक्षेसाठी नागपूरहून साहेब आला ती गाडी तो पुन्हा कशाला तपासेल? ट्रकमध्ये लाकूडतोडीच्या कामावर जाणारी माणसं, त्यांच्या बायका, बाजाराची गाठोडी. पुढे चाळीसेक मैलांचा गिट्टीचा रस्ता आणि शेवटी वैनगंगेचा उतार. नदीवर पूल नव्हता. दोन डोंगे जोडून त्यावर फळ्या टाकलेल्या असत आणि गाडी उतारावरून थेट त्या फळ्यांवर चढवायची असे. तिथे चाक हातभर जरी भलतीकडे गेलं तर गाडी माणसांसकट पाण्यात.

मी परीक्षकांना उठवायला हवं होतं, पोलिसांना सांगायला हवं होतं. यातलं काही केलं नाही. मला वाटलं, गुपचूप जाऊन पिन लावून येऊ. वासुदेवलाही सांगितलं नाही. शेडमध्ये चालू स्थितीतली एकच गाडी होती, शिकवायला ठेवलेला सांगाडा. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बाकी अंगावर काही नाही. बसायला लाकडी खोकं तारेनं बांधलेलं. तीच सुरू केली आणि निघालो.

असा प्रवास मी पुन्हा केला नाही. वारा, धूळ, इंजिनाची गरमी सगळं अंगावर. बायका डोक्यावरचे भारे सांभाळत रस्त्याच्या कडेला सरकायच्या आणि गाडी गेल्यावर हसायच्या. प्रत्येक वळणावर मी आधी खालच्या नाल्यात पाहायचो, मग रस्त्याकडे. रस्त्यात काही चमकलं की वाटायचं, नट. दोनदा थांबून उतरलो. एकदा बैलाच्या खुराचा नाल निघाला, एकदा बाटलीची काच. थांबलो की वाटायचं वेळ जातोय, आणि पुढे गेलो की वाटायचं मागे काहीतरी राहिलं. वाटेत माणसं घोळका करून उभी दिसली तेव्हा मी लांबूनच ब्रेक दाबला. तिथे एक रेडा विकत होते.

मूलच्या अलीकडे जंगल खात्याचा नाका. नाकेदाराने आडवा बांबू खाली घातला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"गाडीले अंग नाई, नंबर नाई. कुठी चाल्ले तुमी?"

"सरकारी आहे. कालेजची. ठेकेदाराचा ट्रक गेला का इथून?"

"करीमभाईचा? गेला ना. मानसं गाने म्हनत होते."

"स्टिअरिंग बरोबर होतं का?"

"आता ते मले काय मालूम? तुमचा परवाना दाखवा ना आधी."

परवाना नव्हता. मी हातावरचं घड्याळ काढून त्याच्या टेबलावर ठेवलं आणि परतताना घेतो म्हणालो. त्याला कळलं असावं की माझं काही ठीक नाही. त्याने घड्याळ माझ्या हातात परत दिलं, बांबू वर केला आणि म्हणाला, "जा भाऊ, सांभाळून जा."

नदीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ट्रक उताराच्या तोंडावर उभा. माणसं खाली उतरून वाळूत बसलेली, कोणी शिदोरी सोडलेली. पण करीमभाई आत बसलेले, इंजिन चालू, आणि डोंगेवाला खालून हात करून त्यांना बोलावत होता. मी सांगाडा तसाच सोडून धावलो.

"थांबा! करीमभाई, थांबा!"

"अरे मास्तर? क्या हुआ?" त्यांच्या खांद्यावर लाल फडकं होतं.

मी ट्रकखाली घुसलो. टाय रॉडच्या टोकाशी चाचपलं. नट घट्ट होता. पिनेच्या भोकातून दुहेरी तार ओवलेली, नटाभोवती पीळ देऊन आवळलेली आणि तिचं टोक आत दुमडलेलं, उद्या कोणी हात घातला तर बोचू नये म्हणून. तारेचं टोक असं दुमडणारा माणूस मला एकच माहीत होता. मी तिथेच पडून राहिलो. तेलाचा एक थेंब कपाळावर पडला, तोही पुसला नाही.

बाहेर आलो तेव्हा तो माणूस समोर उभा होता. बाजाराला आलेल्या बहिणीबरोबर चैतू त्याच ट्रकने घरी निघाला होता. बहीण चार पावलं मागे, कडेवर लेकरू.

"तार तू बांधलीस?"

"हौ जी."

"परीक्षेच्या वेळी?"

"हौ."

"मग सांगितलं काऊन नाहीस?" घाबरल्यावर माझ्या तोंडी त्यांचीच बोली येते.

त्याने बहिणीकडे पाहिलं, करीमभाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "गाडी सकाळी तुमीच तपासली होती जी. पिन पडली आहे असं मी म्हनलो असतो तर त्या सायबासमोर तुमचं नाक कापलं असतं. म्हनून बांधून देलो. मंग तुमी केलेला बिघाड शोधत राह्यलो. नाई भेटला. जाताना तुमाले सांगनार होतो का पिन लावून घ्या, तं तुमी जा म्हनले."

"पण तोच... तुला तो बिघाड वाटला नाही?"

"तो कसा बिघाड जी? गाडी चालू नाई झाली पायजे, असं करनं ठीक आहे. जिथी मानूस मरते तिथी मुद्दाम कोन करते?"

तो मला उपदेश करत नव्हता. ही गोष्ट कोणालाही ठाऊक असते अशा सुरात बोलत होता. अठरा महिने मी त्याला सगळं शंका घेऊन बघायला शिकवलं होतं. या एका जागी त्याने शंका घेतली नाही, कारण तिथे मी होतो.

करीमभाई खाली उतरले होते. "क्या हुआ मास्तर, कुछ गडबड है क्या?"

खरं सांगायची ती वेळ होती. सगळे समोर होते. मी म्हणालो, "काही नाही. पिन पडली होती वाटतं. आणलीय, लावून देतो."

"देखो, इसको बोलते हैं जिम्मेदारी," करीमभाई माणसांना सांगू लागले. "एक पिन के वास्ते चांदा से आये!" कोणीतरी मला पाणी दिलं. चैतूच्या बहिणीने पानात बांधलेला भात पुढे केला. "खा जी मास्तर, उपाशी दिसता." मी ट्रकखाली जाऊन तार सोडली, पिन घातली, टोकं वाकवली. मग तो भात खाल्ला. आजही त्या भाताची आठवण आली की मला लाज वाटते.

ट्रक डोंग्यावर चढताना चैतू शेवटी आला. "मास्तर जी, मंग माझा बिघाड कोनता होता?"

"नंतर सांगीन," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर मी एकटाच मोठमोठ्याने बोलत होतो. परीक्षकांना खरं सांगितलं तर चैतू पास होईल, पण माणसांचा जीव जाईल असा बिघाड करून गाडी मोकळी सोडणाऱ्या मास्तराला कोण ठेवेल? नाही सांगितलं तर वर्कशॉपची जागा दुसऱ्याला आणि चैतू लाकूडतोडीच्या कामावर. मूल येईपर्यंत ठरलं होतं, सांगायचं. मूल गेल्यावर ठरलं, अर्धं सांगायचं. चांद्याच्या वेशीत शिरलो तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात परीक्षक कंदिलाच्या उजेडात चहा घेत बसले होते. माझा अवतार पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. थांबलो असतो तर सांगितलं नसतं.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लेखी द्या."

मी लिहिलं. उमेदवाराने बिघाड वेळेत शोधून दुरुस्तही केला, मात्र गैरसमजाने कळवला नाही. आणि शेवटी लिहिलं की पिन मी काढली होती, ती परत न लावता मी गेलो आणि माझ्या निष्काळजीपणाने ट्रक माणसं भरून रस्त्यावर गेला.

परीक्षकांनी वाचलं. "पहिला भाग पुरे आहे. शेवटची ओळ खोडा."

"पण ते खरं आहे."

"मला माहीत आहे. ही ओळ नागपूरला गेली तर सगळी परीक्षा रद्द होईल. सहाही जणांची. शाळाही बंद होईल कदाचित. खोडा."

मी ती ओळ खोडली. पोरांसाठी खोडली, असं पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण रेघ ओढताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं, ते पोरांसाठी नव्हतं.

महिन्याने सर्टिफिकिटं आली. चैतू नदी ओलांडून आला. नवा सदरा, पायात कोरी चप्पल. कागद दोन्ही हातांनी घेतला, नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. वर्कशॉपातून बोलावणं आलंच होतं. मी पाठ थोपटली, चहा मागवला. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "मास्तर जी, मी तं नापास होतो. पास कसा झालो? माझा बिघाड कोनता होता?"

या खेपेला तिथे आम्ही दोघंच होतो.

"पिनच होती," मी म्हणालो. "पडली नव्हती. मी काढली होती. तुझी हुशारी साहेबांना दाखवायची होती म्हणून. आणि परत लावायची राहिली."

त्याने कागदावरच्या नावावरून बोट फिरवलं. चहा निवत होता. मला वाटलं हा चिडेल, कागद टेबलावर ठेवून जाईल. मी त्याचीही तयारी केली होती. त्याने मान वर केली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "हे मी बाईले सांगू का नाई जी?"

बाई म्हणजे त्याची बहीण. मला भात देणारी.

"सांग," मी म्हणालो.

त्याने सांगितलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर मी स्टिअरिंगला आणि ब्रेकला हात लावून एकही बिघाड केला नाही, आणि पुढच्या वर्गात पहिल्याच दिवशी ही गोष्ट माझ्या नावानिशी सांगायला लागलो. पोरं हसायची. हसणं संपेपर्यंत मी थांबायचो आणि मग फळ्याकडे वळायचो.

चैतू जंगल खात्याच्या वर्कशॉपात पुढे हेड मेकॅनिक झाला. त्यांच्या जीपा आमच्याकडे शिकाऊ कामासाठी येत आणि काम झालं की तो स्वतः घ्यायला येई. आल्यावर वाकून नमस्कार करायचा, घरची चौकशी करायचा, बायकोची तब्येत विचारायचा. मी म्हणायचो, "चैतू, गाडी तयार आहे. मी स्वतः तपासली आहे." तो "हौ जी" म्हणायचा, सदऱ्याच्या बाह्या वर करायचा आणि टाय रॉडपाशी हात लावून पाहायला गाडीखाली शिरायचा. बावीस वर्षांत एकदाही चुकला नाही. मी बाजूला उभा राहून त्याचा हात पुसायला फडकं धरून ठेवायचो.